न उसवणारं विणकाम

पोर्टलंड, ओरेगन

प्रिय नंदे,

‘माग सोडून भट्टी घेतलीस, आता विटा पाडणार का?’ असं तूच विचारू जाणेस. माग सोडलेला नाही गं, कोपऱ्यात उभा आहे, पण सध्या त्यावर कपडेच वाळत असतात. आणि भट्टी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे नळीतून काच फुंकणारे आले असणार. तसलं काही नाही. मोठ्या ट्रंकेएवढी विजेची पेटी. रंगीत काचेचे ३ मिलीमीटर जाडीचे तक्ते थंडच कापायचे, एकावर एक मांडायचे आणि झाकण लावायचं. तापमान ८०४ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की थर एकजीव होतात. मग ४८२ ला थांबायचं, आतला ताण निवेपर्यंत, आणि पुढे अगदी सावकाश उतरवायचं. घाईनं निवली तर तडकते.

हे सगळं याच गावात शिकायला मिळालं त्याला कारण आहे. इथे १९७४ पासून बुल्सआय नावाचा काचेचा कारखाना आहे. पूर्वी दोन रंगांच्या काचा वितळवून जोडल्या तर निवताना एक जास्त आकसायची, एक कमी, की पडलीच भेग, कधी तर महिन्यांनी. सुती ताण्यात रेशमी बाणा घालून धुतल्यावर कापड चुण्या धरतं ना, तोच प्रकार. फक्त काच चुणी धरत नाही, फुटते. क्लाउस मोये हा जर्मन कलाकार १९७९ साली सिअ‍ॅटलजवळच्या पिलचक या काचकलेच्या शाळेत शिकवायला आला, तिथे या कारखानदारांशी त्याची गाठ पडली, आणि सारख्या प्रमाणात आकसणाऱ्या रंगांच्या कामाला खरा जोर आला. त्याची ताटं पाहिलीस तर गोधडीच म्हणशील.

कापडाकडून काचेकडे वळणारी मी काही पहिली नव्हे. काच फुंकण्यात एवढं नाव झालेला डेल चिहुली, तोसुद्धा साठच्या दशकात कॉलेजात विणकाम शिकताना कापडात काचेचे तुकडे विणत होता. पुढे १९७५ मध्ये त्यानं नाव्हाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या घोंगड्यांची नक्षी काचेच्या नळकांड्यांवर उतरवली.

रंगांनी मात्र मला पार गोंधळवलं. धूपछांव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. दोन्ही धागे आपापल्या जागी, मिसळतो तो आपला डोळा. इथे पारदर्शक निळ्यावर पिवळी ठेवली की सरळ हिरवा, कुठूनही बघ. उजेड दोन्हींतून पार होतो ना! त्यात पुन्हा रसायन आहे. काही सायरंगी काचांत गंधक असतं, काही फिरोजी काचांत तांबं. दोघी भट्टीत शेजारी आल्या की मधे तपकिरी रेघ उमटते. इथले लोक ती टाळतात. मी नारळी काठाचे त्रिकोण फिरोजीत कापून सायरंगी काचेला भिडवले, आणि प्रत्येक त्रिकोणाला आपोआप किनार आली. अशी बारीक रेघ काढायला मागावर जीव गेला असता!

काचेच्या पट्ट्या नागमोडी वाकवून त्यांत सरळ पट्ट्या ओवायचं तंत्रही आहे, हुबेहूब विणल्यासारखं दिसतं. जत्रांतून लोक त्यावर तुटून पडतात. माझा हात त्यात बरा बसलाय, पण मन रमत नाही. काचेनं कापडाचं सोंग कशाला आणायचं?

तू विचारलंस, मग सुख कशात? उसवता येत नाही यात. मागावर मी एक फूल किती वेळा उसवायचे ते तू पाहिलंयस. तुझा चहा गार व्हायचा. इथे झाकण पडलं की माझा हात संपला. आधी सगळं कागदावर, चौकटी मोजून, तुमच्या येवल्याच्या पद्धतीनं. मग दुसऱ्या दिवशी उघडेपर्यंत घरात नुसत्या येरझाऱ्या.

बरं, एक काम कर. काकूंच्या जुन्या साडीच्या पदराचे फोटो पाठव, बांगडी-मोराचे, अगदी जवळून, बाजूला पट्टी ठेवून म्हणजे माप कळेल. आणि काकूंना सांग, साडी मागत नाहीये, घाबरू नका!

तुझीच,
शुभी