आच्छादन करा म्हणता, पण काढायचे कधी?

संपादक महोदय,

उन्हाळा तोंडावर आला की कृषी सल्ल्यात ‘फळझाडांच्या आळ्यात आच्छादन करावे’, म्हणजे झाडाभोवतालची माती पाचट-भुसकटाने झाकावी, हे वाक्य हमखास छापून येते. सल्ला योग्यच आहे, पण अर्धा. थर किती जाड हवा, तो कधी घालायचा आणि मुख्य म्हणजे कधी काढून घ्यायचा, हे सांगितले जात नाही. मग मोसंबीच्या बागेत डिंक्या (खोडातून डिंक पाझरण्याचा रोग) येतो, बहार फुटत नाही आणि बिचारे पाचट (उसाची वाळलेली पाने) बदनाम होते.

मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीला आच्छादनाची गरज फार आहे. मे महिन्यात उघडी जमीन भेगाळते आणि भेगेच्या आड येणारी केसासारखी मुळे तुटतात. झाडाला अन्नपाणी पुरवणारी मुळे नेमकी तीच. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) कोवळी फळे त्याच दिवसांत गळतात आणि मग फवारण्यांवर खर्च होतो. आच्छादनाचा जुना थर हाताने बाजूला करून पाहावा. खाली माती गार, भुसभुशीत लागते, गांडुळांची विष्ठा दिसते आणि पांढरी मुळे अगदी वरपर्यंत आलेली असतात. उघड्या बागेत वरची दोन-तीन इंच माती भाजून निघते, तिथे मूळ टिकतच नाही.

थर किमान चार इंचांचा हवा. ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या झाडाभोवती तीन मीटर व्यासाचे आळे धरले, तर झाडाला साधारण ३० ते ३५ किलो कोरडे पाचट लागते. एकरी ११० झाडे म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास. एवढे नसेल तर निम्म्याच झाडांना नीट घाला. सगळ्या बागेत मूठमूठ भुसकट पसरून काही साधत नाही. सोयाबीनचे भुसकट चालते, पण लवकर कुजते. पाचट जास्त टिकते. मात्र त्यात नत्र फार कमी असल्याने कुजवणारे जीवाणू जमिनीतले नत्र ओढतात आणि पाने पिवळी पडतात. त्यासाठी टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जीवाणू संवर्धक द्यावे. युरिया कोरड्या पाचटावर भुरभुरू नये, त्यातले नत्र हवेत उडून जाते. पाण्यात विरघळवून द्यावा.

आच्छादन ओल्या जमिनीवरच घालावे. कोरड्यावर घातले तर वळवाची हलकी सर थरच पिऊन टाकतो, खाली थेंब पोचत नाही.

आता बहाराचे. फुले यावीत म्हणून झाडाचे पाणी काही दिवस तोडतात, तो ताण. ताणाच्या काळात आळ्यात पाचट असेल तर ओल हटत नाही, ताण बसत नाही आणि फुलांऐवजी नवती (कोवळी पालवी) येते. म्हणून आंबिया बहार धरणाऱ्यांनी डिसेंबरमध्ये ताणाआधी पाचट ओढून दोन ओळींच्या मधे घ्यावे आणि ताण तोडून पाणी सुरू झाल्यावर परत आळ्यात घालावे. मृग बहाराचा (जून-जुलैत फुलणाऱ्या) ताण एप्रिल-मेमध्ये असतो, तेव्हा उन्हाळ्यात आळे उघडेच राहणार. त्या बागेत पाऊस ओसरल्यावर आच्छादन करावे.

खोडाभोवती एक फूट जागा कायम मोकळी ठेवावी. डोळा भरलेली (कलमाच्या जोडाची) जागा पाचटाखाली गेली की तिथली साल ओलसर राहते, कुजते आणि डिंक पाझरू लागतो. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. पाणी धरून ठेवणाऱ्या चोपण रानात पावसाळ्यापुरता थर बाजूलाच घेतलेला बरा.

आच्छादनानंतरही ठिबक पूर्वीइतकाच वेळ चालवणे ही सर्रास होणारी चूक. सहा इंचांखालची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा होऊन वरून टाकल्यावर फुटला तर वाफसा (पुरेशी ओल) आहे, पाणी थांबवा. नळ्या पाचटाखाली दिसत नाहीत, उंदीर कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक झाडाखालचा ड्रीपर तपासावा. उधई (वाळवी) दिसली तर थर हलवून ओला करावा.

आपल्या कृषी सदरात हा सल्ला बहारानुसार वेगवेगळा छापावा, ही कळकळीची विनंती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘आंबियाच्या बागेतले पाचट बाजूला घ्या’ एवढी एक ओळ आली तरी अनेकांचा बहार वाचेल.

– एक मोसंबी बागायतदार, अंबड (जि. जालना)