अंदमानचे बाकीचे कैदी

मा. संपादक,

अंदमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थेट सेल्युलर तुरुंग येतो. राजबंद्यांनी तिथे जे भोगलं त्याची आठवण राहायलाच हवी. पण तो तुरुंग बांधायला घेतला १८९६ साली आणि पुरा झाला १९०६ साली. कैद्यांची वसाहत त्याआधी ३८ वर्षं चालू होती. सुरुवातीला तिथे सत्तावनच्या उठावातले लोक गेले. पुढे मात्र बहुसंख्य कैदी खून-दरोड्यांत शिक्षा झालेले, देशाच्या कानाकोपऱ्यातले साधे लोक होते. त्यांची शिक्षा प्रत्यक्षात कशी चाले, हे आपल्याकडे जवळपास कुणाला ठाऊक नसतं.

१० मार्च १८५८ रोजी वसाहतीचा पहिला अधीक्षक डॉ. जेम्स वॉकर २०० कैदी घेऊन ‘सेमिरामिस’ बोटीने पोर्ट ब्लेअरच्या बंदरात पोचला. तिथे तुरुंग नव्हता, भिंतही नव्हती. रान कैद्यांनीच तोडायचं आणि झोपड्याही त्यांनीच उभारायच्या. १६ जूनपर्यंतचा सरकारी हिशेब असा: आलेले ७७३, इस्पितळात मेलेले ६४, पळून बेपत्ता झालेले १४०, आत्महत्या १, पळाल्याबद्दल फाशी ८७. उरले ४८१. जेमतेम तीन महिन्यांत २९२ माणसं गेली! रान ओलांडलं की चालत ब्रह्मदेश गाठता येतो, अशी पळणाऱ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात चारी बाजूंना समुद्र, रानात ओळखीचं खाण्याजोगं काही नाही, आणि आपल्या भूमीत घुसलेल्या परक्यांवर मूळ रहिवासी बाण सोडत. उपाशीपोटी परत फिरले किंवा पकडले गेले, त्यांना वॉकरने फासावर चढवलं. ही माणसं कोणत्या गावची होती, हे आपण कधी विचारलं आहे का?

पुढे व्यवस्था बसली. मुंबई इलाख्यातल्या कैद्यांना ठाण्याच्या तुरुंगात जमवून ठेवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून रेल्वेने मद्रास आणि मद्रासहून ‘महाराजा’ बोटीने अंदमान, असा मार्ग होता. बेड्या घातलेले कैदी बोटीच्या तळाशी पिंजऱ्यात कोंडलेले, आणि शौचाला तिथेच एक पिंप. तसे पाच-सहा दिवस काढायचे. उतरल्यावर गळ्यात लाकडी बिल्ला अडकवत. त्यावर कैद्याचा क्रमांक, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख.

सेल्युलर तुरुंग झाल्यानंतरचा जन्मठेपेचा क्रम नियमांत ठरलेला होता. पहिले सहा महिने सेल्युलरमध्ये एकांतवास. कोठडी साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद. मग दीड वर्ष इतर कैद्यांसोबत सक्तमजुरी. त्यानंतर तीन वर्षं बराकीत: रात्री कुलूप, दिवसा पहाऱ्यात बाहेरचं काम, मोबदला शून्य. पुढची पाच वर्षं मजुरी तीच, पण हाती किरकोळ भत्ता पडे आणि मुकादमीची लहानसहान जागा मिळू शके. अशी दहा वर्षं निभावली की तिकीट, म्हणजे तुरुंगाबाहेर स्वतःच्या कमाईवर राहण्याचा परवाना, मिळे. तिकीटवाल्याने गावात राहून शेती करावी, गुरं पाळावीत, लग्न करावं किंवा बायकामुलांना बोलावून घ्यावं. वसाहत मात्र सोडायची नाही. बायकांचा तुरुंग वेगळा, त्यांना पाच वर्षांनंतर लग्नाची मुभा. वीस ते पंचवीस वर्षं वागणूक चांगली राहिली तरच पूर्ण सुटका.

कागदावर हा क्रम बरा दिसतो. एकांतवासात शिस्त कडक पण काम हलकं, असं नियम म्हणत. पण राजबंद्यांना त्याच तुरुंगात कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपून दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोहून जास्त खोबरेल काढायला लावलं. तेल कमी भरलं की फटके, दंडाबेडी (पायांत लोखंडी दांड्यांची बेडी) किंवा उभी हातकडी (हात वर अडकवून तासन्‌तास उभं ठेवणं). शिवाय पहारा करणारे वॉर्डर, पेटी ऑफिसर आणि जमादारही कैद्यांतूनच नेमलेले. आपली बढती टिकवायला ते खालच्याला पिळत. ही रचना सरकारने समजून-उमजून केली होती असं माझं स्पष्ट मत आहे. मोजक्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हजारो कैदी सांभाळणं त्याशिवाय जमलं नसतं.

यातले कितीतरी जण सुटल्यावरही परतले नाहीत. निरनिराळ्या प्रांतांतल्या, जातींतल्या आणि धर्मांतल्या स्त्री-पुरुषांचे संसार तिथेच उभे राहिले. त्यांच्या वंशजांना अंदमानात ‘लोकल बॉर्न’ म्हणतात, आणि त्यांची घरची बोली हिंदुस्तानी आहे. रस्ते, धक्के, शेतं, खुद्द सेल्युलर तुरुंग, हे सारं या कैद्यांच्याच हातचं.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं अभिलेखागार आहे. तिथल्या न्याय खात्याच्या जुन्या दप्तरांतून, मुंबई इलाख्यातून समुद्रापार पाठवलेल्या कैद्यांची जिल्हावार यादी सरकारने तयार करून मराठीत प्रसिद्ध करावी. १८१५ ते १८३७ या काळात मॉरिशसला पाठवलेलेही त्यात यावेत. नाव, गाव, वय, कलम, बोट निघाल्याची तारीख आणि शेवट काय झाला, एवढे रकाने पुरेत. जिथे नोंद सापडणार नाही तिथला रकाना कोराच छापावा.

आपला,
अंदमानच्या इतिहासाचा एक अभ्यासक