जवानाच्या नावावर हे खपवू नका

संपादक महोदय,

समलिंगी व्यक्तींना सैन्यात जागा नको, असे म्हणणारे नेहमी जवानाला पुढे करतात. तो खेड्यातला, जुन्या वळणाचा, त्याला हे पटणार नाही म्हणे. मी सिन्नर तालुक्यातल्या खेड्यातून तोफखान्यात गेलो, देवळालीच्या रेंजवर तोफ चालवली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या नावावर हे खपवू नका, एवढेच मला सांगायचे आहे.

महिला अधिकाऱ्यांच्या कायमस्वरूपी कमिशनच्या, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेत राहण्याच्या हक्काच्या, खटल्यातही सरकारने हेच कारण दिले होते. ग्रामीण भागातले जवान महिलेचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, असे सांगितले गेले. 17 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. 2023 पासून आमच्या तोफखान्यातही महिला अधिकारी आहेत आणि जवान त्यांना सॅल्यूट करतो. मग समलिंगी सैनिकाच्या बाबतीत तेच कारण कसे चालते?

प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा. जानेवारी 2019 मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी लष्करात हे चालू देणार नाही, असे जाहीर केले. त्यांच्या सेवेबद्दल मला नितांत आदर आहे, पण हे मत मान्य नाही. आर्मी ॲक्टच्या कलम 46 मध्ये 'अनैसर्गिक' वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आजही आहे. घटनेच्या कलम 33 नुसार संसद सैनिकांच्या हक्कांवर मर्यादा घालू शकते, हे खरे. पण ते शिस्त आणि कर्तव्यासाठी. कुणाचा जीव कुणावर जडला आहे, याचा कर्तव्याशी काय संबंध?

तोफेवर एक जण नेम धरतो, एक गोळा भरतो, बाकीचे आपापले काम सांभाळतात. रात्रीच्या फायरिंगला एकाचा हात चुकला तर सगळ्यांच्या जिवावर बेतते. तिथे आम्ही एवढेच पाहायचो, की गडी कामाला पक्का आहे का, थंडीत ड्यूटी टाळतो का, जखमीला टाकून पळणारा तर नाही ना. जबरदस्ती किंवा हुद्द्याचा गैरफायदा कुणीही घेतला, तर त्याचे कोर्ट मार्शल व्हायलाच हवे. उलट सगळे लपवून जगणाऱ्यालाच ब्लॅकमेल करणे सोपे जाते, हा धोका कुणी बोलत नाही.

ब्रिटनने ही बंदी 2000 मध्ये उठवली, अमेरिकेने 2011 मध्ये. त्यांच्या फौजा मोडून पडल्या नाहीत. 2023 मध्ये तर ब्रिटनच्या पंतप्रधानांनी काढून टाकलेल्या सैनिकांची संसदेत माफी मागितली.

संसदेने कलम 46 हे 2018 च्या निकालाशी सुसंगत करावे. नाशिकच्या खासदारांनी हा प्रश्न सभागृहात मांडावा, आणि आपल्याकडच्या माजी सैनिक संघटनांनी त्यांना तसे लेखी निवेदन द्यावे. त्यावर पहिली सही करायला मी तयार आहे.

– एक निवृत्त सुभेदार, नाशिक रोड