तो मासा प्रवाळ खात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतलं नेपोलियन माशाचं पान वाचलं, रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहायला बसलोय. फोटो छापलाय बम्पहेड पॅरटफिश या दुसऱ्याच माशाचा आणि खाली मजकूर नेपोलियनचा, तोही प्रवाळ खातो असं सांगणारा. दोघांच्या कपाळाला उंचवटा असतो एवढंच काय ते साम्य. प्रवाळ कुरतडतो तो पॅरटफिश, एकेक मासा वर्षाला ५ टनांच्या वर प्रवाळाचा दगड चावतो आणि त्याची वाळू करून टाकतो. नेपोलियन प्रवाळ खात नाही हो! तो शिंपले फोडतो, खेकडे खातो, आणि जो काटेरी विषारी स्टारफिश प्रवाळाचा फडशा पाडतो ना, त्यालासुद्धा खातो. आणि अशा नेपोलियनलाच तुम्ही ‘रीफचा (म्हणजे प्रवाळाच्या खडकांचा) राक्षस’ असं हेडिंग दिलंत, हे वाचून खरंच वाईट वाटलं.

‘खोल समुद्रातला’ हेही चूक. पिल्लं उथळ पाण्यात फांद्यांच्या प्रवाळात नाहीतर समुद्री गवतात लपून वाढतात, मोठे मासे रीफच्या बाहेरच्या उतारावर फिरतात, १०० मीटर खोलीच्या आतच, आणि रात्री कपारीत जाऊन झोपतात. आपल्याकडे लक्षद्वीप-अंदमानला आहे तो.

पण माझा खरा राग शेवटच्या चौकटीवर आहे, ‘हाँगकाँगला गेलात तर चाखायलाच हवा’. मी चाखलाय. १४ वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी गेलो होतो, तिथल्या लोकांनी जेवायला नेलं. हॉटेलच्या दारातच काचेच्या टाक्या, त्यातल्या एकीत हा, सो मेई म्हणतात तिकडे. हिरवट अंग, डोळ्यामागे दोन काळ्या रेघा, आणि तो डोळा गर्रकन फिरवून माझ्याकडे बघत होता. पोऱ्याने जाळीने उचलला, प्लास्टिकच्या टोपलीत घालून टेबलापर्यंत दाखवायला आणला, तोंड उघडमीट चालू होतं. पाऊण किलो भरला. वीस मिनिटांनी आल्याचे तुकडे आणि पातीचा कांदा घालून वाफवलेला समोर आला, मान राखायचा म्हणून मी खाल्ला.

हा मासा २ मीटर लांब आणि १९० किलोपर्यंत वाढतो, ३० वर्षं जगतो हे मला नंतर कळलं. अंडी घालायच्या वयाला यायलाच त्याला ५-६ वर्षं लागतात. मोठे नर बहुतेक आधी माद्याच असतात, साधारण ९व्या वर्षी त्यातल्या काही नर होतात. म्हणजे ताटात मावतो म्हणून पाऊण किलोचा उचलला की तो ना आई झालेला असतो ना बाप. आणि मोठा मारला तर गेला तो नर. पिंजऱ्यात वाढवलेला आहे असं सांगून विकतात तोही बहुतेक वेळा पिल्लू असताना समुद्रातूनच धरलेला असतो. जिवंत पकडायला इंडोनेशिया, फिलिपिन्सला पाण्यात सायनाईड मारतात, मासा गुंगतो आणि आजूबाजूचं प्रवाळ मरतं. २००४ साली तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्रजातींमध्ये गेला, त्याच वर्षी सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्येही आला, म्हणजे त्याच्या व्यापारावर नियंत्रण आलं. यातली एक ओळ तुमच्या अख्ख्या पानात नाही. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही तर छापायला बसला होतात, तुम्हाला सांगता आलं असतं.

अजून एक. गेल्या महिन्यात बाजारात येणाऱ्या तळहाताएवढ्या पापलेटांवर मी पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही अर्धं कापलंत. २०२३ साली राज्यमासा केलेल्या पापलेटचीही पिल्लंच आपण खातोय, हाच भाग नेमका गेला. जागेची अडचण असते हे समजतं, पण मुद्दाच गेला तर उरलेलं छापून उपयोग काय.

दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर यावी ही विनंती. आणि फोटो डोळ्यामागच्या दोन रेघा दिसतील असा निवडा.

आपला,
२२ वर्षांपासूनचा वाचक, डोंबिवली