वैशीला पत्र: ओके बटणाचं कोडं

प्रिय वैशे,

टीव्हीला जोडलेल्या लिनक्स मशीनवर रिमोटचं ओके दाबलं तरी काहीच होत नव्हतं ना? त्या ओके बटणाचं कोडं सुटलं! दुसऱ्या कुणाला असं लिहिलं असतं तर पत्र चुकून आपल्याकडे आलं असं वाटलं असतं. तू मात्र खुर्ची पुढे ओढलीस, मला माहीत आहे. इकडे सगळे बरे आहेत, माईंचा खोकला गेला. आता मुद्द्यावर येते.

नाना म्हणत होते रिमोट गेला, दादा नवा मागवायला निघाला होता. रिमोट ठणठणीत आहे. इव्हटेस्ट (कुठलं बटण दाबलं ते दाखवणारा प्रोग्रॅम) लावून ओके दाबलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या बटणाचा आकडा लख्ख सांगतो: ३५२. नेहमीचं एंटर कर्नलच्या यादीत २८ आहे, इन्फ्रारेड रिमोटचं ओके ३५२. आता एक्स-ऑर्गचा, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणं सांभाळणाऱ्या जुन्या एक्सचा, हिशेब बघ. कर्नलकडून आलेल्या प्रत्येक आकड्यात तो ८ मिळवतो आणि त्याची कमाल मर्यादा २५५. म्हणजे कर्नलचा आकडा २४७ च्या वर गेला की ते बटण प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, काही नाही. बाण १०३ ते १०८ च्या आत, आवाज ११४-११५, म्हणून ते बिनबोभाट चालतात आणि संशय एकट्या ओकेवर येतो. चॅनल वर करायचं बटण ४०२, लाल बटण ३९८, तीही याच कारणाने मुकी.

तुझ्या उडत्या माऊसचं (हवेत हलवून चालवायच्या रिमोटचं) ओके याहून वेगळं निघेल, ते आधीच सांगते. यूएसबी डोंगलवाले (मशीनमध्ये खोचायच्या छोट्या रिसीव्हरचे) रिमोट कीबोर्डचं एंटर न पाठवता बरेचदा ‘मेनू पिक’ हा संकेत पाठवतात आणि कर्नल त्याचं ३५३ करतो. एकाच सोफ्यावरचे दोन रिमोट, दोघांवर ओके छापलेलं, आकडे दोन आणि दोन्ही मर्यादेबाहेर. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर, किंवा कोडी (आपला चित्रपट लावायचा प्रोग्रॅम) थेट जीबीएमवर, म्हणजे मध्ये एक्स किंवा वेलँड न घेता, चालवलास तर ही भिंत नाही. पण वेलँडवरसुद्धा एखादा जुना प्रोग्रॅम एक्स-वेलँडमधून (एक्ससाठीचे प्रोग्रॅम वेलँडवर चालवणाऱ्या पुलावरून) चालत असला की त्याला तीच २५५ ची मर्यादा.

इलाज दोन्हीकडे सारखाच: कर्नललाच सांगायचं की हे बटण म्हणजे एंटर. फक्त सांगायची जागा वेगळी. इन्फ्रारेडसाठी आयआर-कीटेबल ही कमांड. त्याच्या चाचणी मोडमध्ये बटण दाबून आधी प्रोटोकॉल आणि स्कॅनकोड (रिमोट पाठवतो तो मूळ संकेत) बघ. मग तुझ्या रिमोटची बटणांची फाईल मूळ फोल्डरातून इटीसी या सेटिंगच्या फोल्डरामधल्या आरसी-कीमॅप्स फोल्डरात कॉपी कर आणि त्या प्रतीत ‘की-ओके’च्या जागी ‘की-एंटर’ लिही. मूळ फाईलला हात लावू नकोस, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. शेवटी आरसी-मॅप्सच्या कॉन्फिगमध्ये त्या प्रतीची ओळ घाल, म्हणजे रिसीव्हर काढून लावला तरी ती आपोआप लागू होते. बटण धरून ठेवल्यावर यादी फार सावकाश सरकते असं वाटलं तर तिथेच वेळही बदलता येतो. मुळात ५०० मिलिसेकंद थांबून दर १२५ ला पुनरावृत्ती होते. थांबा थोडा कमी कर, पण फार नको, नाहीतर एका दाबात दोन ओळी पुढे जाते.

यूएसबीवाल्यांसाठी यूडेव्हची (जोडलेली उपकरणं ओळखून त्यांना नियम लावणाऱ्या लिनक्सच्या भागाची) हार्डवेअर यादी, म्हणजे एचडब्ल्यूडीबी. इव्हटेस्टमध्ये बटण दाबल्यावर आकड्याच्या वरच्या ओळीत स्कॅनकोड दिसतो, मेनू पिकचा सी००४१. इटीसीमधल्या यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबी फोल्डरात नवी फाईल कर. पहिल्या ओळीत डिव्हाईसची ओळख: बस क्रमांक (यूएसबीला ०००३, ब्लूटूथला ०००५), मग व्हेंडर (कंपनीचा क्रमांक), मग प्रॉडक्ट (मॉडेलचा क्रमांक). हे क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, असतात; त्यातली इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत. त्याखालच्या ओळींत ‘कीबोर्ड-की’ला जोडून स्कॅनकोड, तो मात्र लहान अक्षरांत, बरोबरचं चिन्ह आणि बटणाचं नाव. या ओळींच्या सुरुवातीला एक जागा सोडावीच लागते. ती सुटली नाही तर सगळं बरोबर दिसतं आणि काहीही होत नाही. मग दोन कमांड: सिस्टमडीचा एचडब्ल्यूडीबी अपडेट, त्यानंतर यूडेव्ह ट्रिगर. पहिली पायरी करून दुसरी विसरलं की माणूस फाईलमधला नसलेला दोष शोधत बसतो.

आणि इव्हटेस्ट गप्प बसला तर घाबरू नकोस. एक डोंगल कर्नलला तीन-चार डिव्हाईस म्हणून दिसतो: कीबोर्ड, माऊस, मीडियाची बटणं, पॉवरची बटणं. त्या प्रत्येकाचा एक नोड असतो आणि तू बहुधा चुकीच्या नोडवर कान लावलेला असतोस. पुढचा नोड घे.

वैशे, हे सगळं सांगितलं, पण माझा खरा घोर वेगळाच आहे. तुझ्या मशीनवर बटणं बदलायच्या आता चार जागा झाल्या आहेत: आयआर-कीटेबल, एचडब्ल्यूडीबी, तुझा लाडका की-डी (कीबोर्डची बटणं बदलणारा प्रोग्रॅम) आणि कोडीचा कीमॅप (कुठल्या बटणाने काय व्हावं याची कोडीची फाईल). चारही उत्तम आहेत. पण एक बटण दोन जागी बदललं की ते कुठून कुठे गेलं हे तुलाही सांगता येणार नाही, मग नानांना कुठून कळणार? तू कामाला बाहेर असशील, घरी बॅक दाबल्यावर चित्रपट बंद होईल आणि सगळे पुन्हा म्हणतील रिमोट गेला. मला ते नको आहे. घरातल्या सगळ्यांना न विचारता वापरता यावं म्हणूनच ना हे मशीन लावलं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की बदल शक्य तितका खाली कर आणि एकाच जागी कर. ओके म्हणजे एंटर, बॅक म्हणजे बॅकस्पेस, हे बटणाचं मूळ आहे, ते कर्नलपाशीच मिटव. कोडीच्या कीमॅपमध्ये फक्त कोडीपुरत्या गोष्टी ठेव: चित्रपट चालू असताना वरचा बाण काय करेल, सबटायटलला कुठलं बटण. त्या फाईलमध्ये ‘ग्लोबल’ आणि ‘फुलस्क्रीन व्हिडिओ’ वेगळे लिहिता येतात, त्याचा पुरेपूर उपयोग कर. कीबोर्डवरचं एस हे अक्षर दाबलं की कोडीत मशीन बंद करायचा मेनू उघडतो, लहान मुलं असलेल्या घरात ते कीमॅपमधून आधी काढ.

की-डीवरून आपलं जुनं भांडण आहे आणि मी माघार घेत नाही. तो व्हेंडर-प्रॉडक्ट पाहून प्रत्येक कीबोर्डला वेगळे नियम लावतो, एक्स असो वेलँड असो सगळीकडे चालतो, एकाच बटणाला टॅप आणि धरून ठेवणं अशी दोन कामं देतो. मान्य. पण तो कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतो आणि सगळ्यांच्या बदल्यात वर एकच आभासी कीबोर्ड दाखवतो. तू छोट्या कीबोर्डला इंग्रजी आणि मोठ्याला देवनागरी असा वेगळा लेआउट एक्स-ऑर्गमध्ये लावला आहेस ना? की-डी सुरू झाला की एक्सला ते दोघे वेगळे दिसतच नाहीत. मग तू लेआउटची फाईल पुन्हा पुन्हा तपासणार आणि फाईल निर्दोष असणार. की-डी हवाच असेल तर आयडींच्या यादीत नुसती चांदणी (*, म्हणजे सगळेच कीबोर्ड) टाकू नकोस, ज्या डिव्हाईससाठी हवा त्याचाच आयडी लिही. आणि कुठे अडकलीस तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकदम दाब, तो स्वतः बंद होतो. हे कागदावर लिहून टीव्हीमागे चिकटव.

अंकांच्या त्या छोट्या पॅडचा तुझा विचार मात्र मला फार आवडला. अंधारात बोटांना सापडतं, बॅटरी लागत नाही. नमलॉकची कटकट नको म्हणून स्कॅनकोड पाहून बटणंच बदलून टाक: ८ ला म्हणजे ७००६० ला वर, ७००५ए ला खाली, ७००५सी ला डावं, ७००५ई ला उजवं, मधल्या ५ ला म्हणजे ७००५डी ला एंटर. हे एचडब्ल्यूडीबीत केलं की नमलॉक लागलेला असो वा नसो, बाण ते बाणच. मोठ्या कीबोर्डावरच्या अंकांना धक्का लागत नाही, कारण नियम पॅडच्या व्हेंडर-प्रॉडक्टला बांधलेला आहे.

इथेच तुझ्या दुसऱ्या बेताची काळजी वाटते. एकाच मॉडेलचे दोन वायरलेस कीबोर्ड घेऊ नकोस! दोघांचे व्हेंडर-प्रॉडक्ट सारखे, सिरीयल क्रमांक बहुतेकदा नसतोच, आणि इव्हेंटचे आकडे, म्हणजे नोडांचे क्रमांक, मशीन सुरू करताना कुठलं आधी सापडलं त्यावर बदलतात. आयडीवरून बनणारी नावंही मग एकमेकांवर आदळतात. घेऊन झालेच असतील तर पोर्टवरून ओळख ठेवावी लागेल. यूडेव्हच्या नियमात आयडी-पाथ (डिव्हाईस कुठल्या पोर्टात आहे ते) पाहून डिव्हाईसला टॅग लाव आणि एक्स-ऑर्गच्या कॉन्फिगमधल्या इनपुटक्लास विभागात मॅचटॅगने तो पकड. डोंगल कायम त्याच पोर्टात राहिले पाहिजेत, म्हणून पोर्टांवर रंगीत टेप लाव. स्वेवर (वेलँडवरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमवर) जाणार असलीस तर तिथे डिव्हाईसनुसार लेआउट सरळ कॉन्फिगमध्ये देता येतो, फक्त व्हेंडर-प्रॉडक्ट तिथे हेक्समध्ये नाही, दशमानात लिहायचे असतात.

कीबोर्डची अक्षरं गळतात म्हणालीस, ते बॅटरीमुळे नसावं. डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात, आणि शेजारी हार्डडिस्क, बरोबर? यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगल यूएसबी २ च्या पोर्टात लाव आणि हातभर एक्स्टेन्शन वायरने टीव्हीच्या पुढच्या कडेला आण. मशीन टीव्हीच्या मागे असलं की पत्र्याआडून बोलणं होतं, ते टळतं. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात बोलतं, त्यामुळे तिकडे पळूनही सुटका नाही. तुझा ब्लूटूथवर एवढा जीव की तू दाराची कडीसुद्धा ब्लूटूथची बसवशील, पण ब्लूटूथचा कीबोर्ड बायॉसमध्ये (लिनक्स सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) चालेल याचा भरवसा नसतो आणि झोपेतून उठताना पहिलं अक्षर खातो. एक वायरचा कीबोर्ड कपाटात राहू दे. कर्नल अपडेटनंतर काही अडलं की तोच कामाला येईल.

झोपेवरून आठवलं. छोट्या कीबोर्डवर आवाजाच्या शेजारी चंद्राचं बटण आहे, ते १४२, म्हणजे स्लीप. ते चुकून लागणारच. त्याचा स्कॅनकोड १००८२ असेल तर एचडब्ल्यूडीबीत त्याला ‘रिझर्व्हड’ दे, बटण निकामी होतं. पॉवर बटणासाठी लॉगइनडीच्या (पॉवर बटणाकडे लक्ष ठेवणाऱ्या सिस्टमडीच्या भागाच्या) कॉन्फिगमध्ये ‘हँडल पॉवर की’ला ‘इग्नोर’ लिही, मग ते कोडीकडे जातं. उलट, रात्री टीव्ही आपोआप उजळतो तो उडत्या माऊसमुळे, सोफा हलला तरी तो मशीन उठवतो. सिस या फोल्डरातल्या त्या डिव्हाईसच्या पॉवर-वेकअपमध्ये ‘डिसेबल्ड’ लिही. पण हे रीबूटला पुसलं जातं, म्हणून यूडेव्हच्या नियमात घाल. इन्फ्रारेड रिसीव्हरचं वेकअप चालूच ठेव, नाहीतर रिमोटने मशीन उठणार नाही. पूर्ण बंद केलेलं मशीन तरीही उठलं नाही तर बायॉसमध्ये ईआरपी (वीज वाचवायची सेटिंग) चालू आहे का बघ, तो मशीन बंद असताना यूएसबीची वीजच तोडतो.

गेमपॅडचं फारसं सांगण्यासारखं नाही, तो लावला की चालतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंचा गुडघा? सईच्या परीक्षेचा निकाल कळव, तिला माझ्याकडून शाबासकी आत्ताच दे, निकाल काहीही लागो. घर बदलणार असाल तर टीव्हीची भिंत ठरवताना मला विचार, इन्फ्रारेडला समोरासमोर जागा लागते.

आणि उत्तरात उडत्या माऊसच्या प्रत्येक बटणाचा आकडा आणि स्कॅनकोड लिहून पाठव, सगळ्या नोडांचे. फाईल मी लिहून देते.

तुझी,
रेवा