नारायण पेठेतल्या सायकलवाल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. मी मानायला गेले तर "बरं बरं, मागच्या चाकात हवा कमी वाटतेय" म्हणालात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. नाव घातलेलं नाही. तशी तुमची ताकीदच होती.

मार्चअखेरीला मी ब्रेमेनहून परत आले. एम.एस्सी.चं एक सत्र तिथल्या विद्यापीठात करायची संधी मिळाली होती. औंधातल्या ब्रेमेन चौकातून मी लहानपणापासून जातेय, पण ब्रेमेन नावाचं खरंखुरं शहर आहे आणि पुण्याशी त्याचं मैत्र आहे, हे अर्ज भरतानाच कळलं. असो. परत आल्यावर पहिला आठवडा लाडात गेला. आमटीभात, मावशीकडची पुरणपोळी, शेजाऱ्यांच्या फेऱ्या. पुढे घरात एक विचित्र अवघडलेपण आलं. जो तो मला दोनच प्रश्न विचारायचा: थंडी किती होती, आणि तिकडेच नोकरी बघणार का? पहिल्याचं उत्तर एका वाक्यात संपायचं आणि दुसऱ्याचं माझ्याकडे नव्हतं. मधले सहा महिने कुणाला सांगायचे तेच कळेना. जरा सांगायला गेलं की मामा म्हणणार, "झालं हिचं तिकडे-तिकडे सुरू."

अशात एका दुपारी मी आजोबांची ॲटलस सायकल जिन्याखालून ओढून काढली आणि हाताने ढकलत तुमच्याकडे आणली. ब्रेमेनमध्ये सायकलची सवय लागली होती. सपाट गाव, वारा मात्र तोंडावर आपटणारा. डिसेंबरात चारनंतर अंधार पडायचा, तरी लाल फरशीच्या सायकलवाटेवरून बायका मुलांना पुढ्यात बसवून निवांत जायच्या. इथे रिक्षाने विद्यापीठात जाऊन माझे पाय आंबले होते.

तुम्ही आधी सायकलीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "कुणाची?" "आजोबांची." "वापरणार कोण?" "मी." यावर तुम्ही हसाल असं वाटलं होतं. तुम्ही चाक उचललंत, एक गरका दिलात आणि म्हणालात, "आउट आहे. ओव्हरऑइलिंग करावं लागेल. दांड्यांचे ब्रेक आहेत, सामान शोधायला लागेल. चार दिवस." ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, आणि तोही ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी, ही माहिती मला तुमच्याच दुकानात मिळाली. योगायोग असे वाईट असतात.

त्या चार दिवसांत मी रोज येऊन बसले. तुम्ही जा म्हणाला नाहीत. हब उघडून छर्रे डबीच्या झाकणात काढलेत, रॉकेल मिळत नाही म्हणून कुरकुरत डिझेलमध्ये धुतलेत, घासले गेलेले बाजूला टाकलेत. चाकाचा आउट काढताना खडूचा तुकडा रिमच्या अगदी जवळ धरलात. चाक फिरतंय, आणि जिथे रिम बाहेर आलीय तिथेच पांढरी रेघ उमटतेय. मग त्या रेघेजवळचे आरे, एका बाजूचे आवळायचे, दुसऱ्या बाजूचे सैल करायचे, परत फिरवायचं, परत खडू. शेवटी खडू कुठेच लागेना. घरी मी हे आईला इतक्या उत्साहाने सांगितलं की ती म्हणाली, जर्मनीबद्दल एवढं कधी बोलली नाहीस.

खरं तर जर्मनीबद्दल मी त्या चार दिवसांतच बोलले, फक्त तुमच्याशी. कारण तुमचे प्रश्न वेगळे होते. तिथे पंक्चर काढतात का ट्यूबच बदलतात? मजुरी किती घेतात? थंडीत ग्रीस घट्ट होत नाही का? सायकल चोरतात का? (चोरतात. पुष्कळ चोरतात.) विद्यापीठाच्या आवारातल्या १४६ मीटर उंच मनोऱ्याचं मी सांगितलं, की आतल्या नळीत वरून वस्तू सोडतात आणि ती पडताना पावणेपाच सेकंद भारहीन असते, तिच्यावर प्रयोग करतात. त्यावर तुम्ही पाना खाली ठेवून विचारलंत, "एवढा मनोरा, पावणेपाच सेकंदांसाठी?" आणि मग बराच वेळ विचार करून, "खाली पकडतात कशी?" थर्माकोलच्या दाण्यांत पडते म्हटल्यावर तुमचं समाधान झालं. इतकं नीट ऐकून घेणारं माणूस मला परत आल्यापासून भेटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही मला करू दिली नाहीत. पुणं पूर्वी सायकलींचं शहर होतं, मग बिघडलं, असं हळहळायला मी सुरुवात केली तशी तुम्ही तोडलंत. "बिघडलं कशाला? लोकांकडे पैसे नव्हते म्हणून सायकली होत्या. खडकीच्या कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकली दिसायच्या, त्या हौसेच्या नव्हत्या. माझ्या वडिलांना विचार, पायडल मारून गुडघे गेले." पैसे आले तशी लुना आली, स्कूटर आली. बजाजची स्कूटर आकुर्डीत तयार व्हायची, तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. पुण्यानेच बनवलेल्या गाड्यांनी पुण्याच्या सायकली घालवल्या, हे तुम्ही अगदी थंडपणे सांगितलंत, वर "माझंही दुकान त्यात अर्धं झालं" हे इतक्या सहज जोडलंत की मला काय बोलावं सुचेना.

मग मी तुम्हाला ओस्टरटोरचं सांगितलं. ब्रेमेनची ती जुनी वस्ती आज फार देखणी आहे. सत्तरच्या दशकात तिच्यातून मोठा रस्ता काढायचा बेत होता, रहिवाशांनी विरोध केला आणि १९७३ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. आमच्या बाईंनी वर्गाला तिथे पायी फिरवून हे दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे आपली वेताळ टेकडी." २०२३ मध्ये टेकडीवरच्या रस्त्याच्या विरोधात लोक उतरले, तेव्हा तुमची सूनही गेली होती म्हणे. माझ्या डोक्यात तोवर ब्रेमेन एका कप्प्यात होतं आणि पुणं दुसऱ्या. दोन्ही एका टेबलावर ठेवून बोलता येतं, हे मला तुमच्या त्या एका वाक्याने कळलं. प्रबंधाचा विषयही त्यातूनच सुचलाय, पण मार्गदर्शकांनी अजून होकार दिलेला नाही, तेव्हा जास्त बोलत नाही.

सायकल हातात देताना तुम्ही रस्ताही सांगितलात. भिडे पूल, आपटे रस्ता, मग मॉडेल कॉलनीतून आत. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल बंद, तेव्हा झेड ब्रिज. विद्यापीठ चौकात शहाणपणा करायचा नाही, उतरून चालत ओलांडायचा. रंगवलेल्या सायकल ट्रॅकवर विसंबायचं नाही, तिथे गाड्या लावलेल्या असतात. पहिल्या दिवशी मी घामाघूम होऊन पोचले, पण वेळेत. सकाळी सातच्या सुमाराला मॉडेल कॉलनीत खरंच बरं वाटतं. साडेनऊला नाही वाटत, ते मी मान्य करते, आणि कुणी मला "पुण्यात सायकल चालवणं किती सुंदर" वगैरे लिहायला सांगितलं तर लिहिणार नाही. धूर आहे, मागून चिकटून हॉर्न देणारे आहेत, आणि दुचाकीवाले माझ्याकडे दयेने बघतात.

तरी मी रोज जाते. घरी आता 'तिकडे' हा शब्द कमी झालाय, असं मामाचं मत. काही सांगावंसं वाटलं की संध्याकाळी येताना दुकानापाशी थांबते आणि मोकळी होते. तुम्ही अर्धं ऐकता, अर्धं ट्यूबमधले बुडबुडे बघता. मला तेवढं पुरतं.

तेव्हा काका, आभार. आता परत करता येणार नाहीत.

तुमची,
ॲटलसवाली

ता. क. आईनेही मनावर घेतलंय. मंडईपर्यंतच जाईन म्हणते. लेडीज सायकल, पुढे बास्केट असलेली, जुनी चालेल. नजरेत आली तर ठेवून द्या. भाव मात्र तिच्याशीच ठरवा, मी मध्ये पडणार नाही.