तुझ्या बाबांविषयी, आणि तुझ्याविषयी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता बोलता तू मध्येच विचारलंस, "आई, बाबा गेले तरी मला रडू कसं येत नाही? माझ्यात काही बिघाड आहे का?" आणि मी तोंड उघडायच्या आत बँकेच्या फॉर्मवर विषय नेलास. मीही ताणलं नाही. दोन वाक्यांत मिटेल असा तो प्रश्न नव्हता, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे.

बिघाड काही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

बाबा गेल्यापासून तू काय काय केलंस ते मी पाहिलं आहे. मृत्यूचे दाखले काढलेस, माझ्या पेन्शनची कागदपत्रं केलीस, त्यांच्या मोबाइलमधले सगळे फोटो वर्षांप्रमाणे लावून ठेवलेस. त्यांचं बंद पडलेलं घड्याळ कुणी न सांगता दुरुस्त करून आणलंस. लोक याला कर्तबगारी म्हणाले. मला त्यात तुझं दुःख दिसलं. केनेथ डोका आणि टेरी मार्टिन या दोन अभ्यासकांनी शोक करण्याच्या पद्धतींविषयी लिहिलं आहे. काही माणसांचं दुःख भावनेतून वाहतं: रडणं, बोलणं, कुणाच्या तरी गळ्यात पडणं. काहींचं दुःख हातांतून आणि डोक्यातून बाहेर येतं: काहीतरी करणं, दुरुस्त करणं, मार्गी लावणं. बहुतेक जण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. बायका रडतात आणि पुरुष कामं करतात अशी सरळ वाटणीही नाही. तू दुसऱ्या टोकाजवळचा, मी पहिल्या. माझ्या डोळ्यांतल्या पाण्यानं तू तुझं दुःख मोजू नकोस.

एकाच घरातली माणसं अशा वेळी एकमेकांपासून का दुरावतात, तेही यातूनच कळतं. रडणाऱ्याला वाटतं, याला काहीच वाटत नाही. न रडणाऱ्याला वाटतं, मी जरा ढिला पडलो तर हे घर कोसळेल. दोघंही त्याच माणसासाठी तळमळत असतात आणि दोघांनाही एकटं वाटत राहतं. आपल्या दोघांत मला हे होऊ द्यायचं नाही.

तुझ्या मित्रानं तुला सांगितलं म्हणे, की तू अजून 'नकारा'च्या पायरीवर आहेस. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या त्या पाच पायऱ्या. त्यानं मायेनंच सांगितलं असणार. पण त्या पायऱ्या कुठून आल्या ते तुला माहीत असावं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी 1969 साली त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. स्वतःच्या मृत्यूला सामोरी जाणारी माणसं कोणकोणत्या मनःस्थितींतून जातात, त्याचं ते वर्णन होतं. मागे राहिलेल्यांना ते नंतर लागू केलं गेलं. खऱ्या घरात पाचही गोष्टी एका दुपारी येऊन जातात, किंवा त्यांतल्या दोन कधीच येत नाहीत. तू कुठल्याही पायरीवर अडकलेला नाहीस.

मला त्याहून जास्त पटलं ते मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक श्कुट या शोकाच्या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलेलं म्हणणं. माणूस गेल्यावर आपल्यापुढे दोन प्रकारची कामं असतात, असं ते म्हणतात. एक, गेलेल्या माणसाकडे वळणं: आठवणं, रडणं, फोटो बघणं, त्याची ओढ सोसणं. दुसरं, बदललेल्या आयुष्याकडे वळणं: हिशेब शिकणं, नवी जबाबदारी उचलणं, थोडा वेळ सगळं विसरून हसणंसुद्धा. निरोगी शोकात माणूस या दोन्हींत सतत ये-जा करत असतो. जड ओझं नेणारा माणूस ते मध्ये मध्ये खाली टेकवतो, म्हणूनच त्याला पुढे चालता येतं. हे वाचल्यावर मला फार हायसं वाटलं. तोपर्यंत बाबांचा विचार न करता गेलेला तास मला त्यांच्याशी केलेल्या प्रतारणेसारखा वाटायचा.

म्हणून ऑफिसात कुणाच्या बोलण्यावर तू खळखळून हसलास आणि नंतर दिवसभर स्वतःला खात बसलास, ते करू नकोस. ते हसू म्हणजे बाबांना विसरणं नव्हतं. मात्र आई म्हणून दुसरी बाजूही सांगते. तुझी ये-जा मला अजून दिसत नाही. तू दुसऱ्याच बाजूला ठाण मांडून बसला आहेस. एक काम संपलं की दुसरं शोधतोस. आता कागदपत्रंही संपत आली. त्यानंतरच्या रिकाम्या संध्याकाळी एकदम अंगावर येतील, तेव्हा घाबरू नकोस आणि लगेच नवं काम ओढवून घेऊ नकोस. ते फोटो लावताना तू तारखा बघितल्यास, चेहरे बघितले नसावेस. एखाद्या दिवशी ते नुसते बघ. रडू आलं तर येऊ दे, नाही आलं तरी चालेल. ओढूनताणून रडण्याचीही गरज नसते.

लोक विचारतात, "सावरलास का?" आणि तुला प्रश्न पडतो की सावरणं म्हणजे नेमकं काय. बाबांना मनातून सोडून देणं? पूर्वी जाणकारांनाही तसंच वाटे. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडनं 1917 च्या एका निबंधात लिहिलं होतं, की गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घेणं हेच शोकाचं काम आहे. तीन वर्षांनी त्याची मुलगी सोफी साथीच्या तापात गेली. ती सव्वीस वर्षांची होती. पुढे 1929 मध्ये लुडविग बिन्सवांगर या त्याच्या डॉक्टर मित्राचा मुलगा वारला, तेव्हा फ्रॉइडनं त्याला पत्र लिहिलं. सोफी असती तर त्या सुमारास छत्तीस वर्षांची झाली असती, हेही त्यात आहे. पहिल्या दुःखाचा तीव्रपणा ओसरेल, पण आपण कधीच पूर्ण शांत होणार नाही आणि त्या जागी दुसरं काही आलं तरी ते वेगळंच राहील, असं त्यानं कळवलं. आणि तसंच असायला हवं, कारण ज्या प्रेमाला सोडायचं नाही ते टिकवण्याचा तेवढाच मार्ग आहे, असंही. एवढा मोठा विद्वान, पण स्वतःची लेक गेल्यावर त्याला जे कळलं ते मला त्याच्या निबंधाहून जास्त खरं वाटतं.

1996 पासून तर शोकाचे अभ्यासक उघडपणे म्हणू लागले, की गेलेल्या माणसाशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. तू अजूनही गाडी घेताना, नोकरी बदलताना, "बाबा काय म्हणाले असते" असा विचार करतोस ना? कर. ते दुबळेपण नाही. ज्याच्या तालमीत वाढलास त्याचा सल्ला तुझ्यात उरला आहे, तो घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती मी कुणाला सांगितलेली नाही. संध्याकाळी त्यांच्या यायच्या वेळेला मला दाराशी पावलं वाजल्यासारखी वाटतात. कधी आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो. सुरुवातीला मी धास्तावले, मला भास होऊ लागले की काय! मग वाचनात आलं, की डेवी रीस नावाच्या वेल्समधल्या डॉक्टरांनी जवळजवळ तीनशे विधवा-विधुरांना याबद्दल विचारलं होतं. 1971 साली ते छापून आलं. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेला जोडीदार आसपास असल्याचं जाणवलं होतं, आणि बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय शरीरात मुरलेली असते. संध्याकाळ झाली की कान आपोआप दाराकडे लागतात. तुलाही असं काही झालं, गर्दीत पाठमोरे बाबा दिसले, तर स्वतःला वेडा समजू नकोस. आणि मला सांग. मला ते ऐकायला आवडेल.

'जर-तर'विषयीही लिहायलाच हवं, कारण तुझ्या बोलण्यात ते सारखं डोकावतं. आदल्या दिवशीच दवाखान्यात नेलं असतं तर. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं असतं तर. बाळा, आज तुला शेवट माहीत आहे, म्हणून मागे बघताना प्रत्येक खूण ठळक दिसते. त्या दिवशी त्या खुणा इतर शंभर साध्या गोष्टींसारख्याच होत्या. जे दिसत होतं त्यावर तू निर्णय घेतलास, आणि मी तिथे होते म्हणून सांगते, तो मायेनं आणि शहाणपणानं घेतलेला होता. मन कारण शोधतं, कारण निष्कारण घडलेलं सोसणं त्याहून कठीण असतं. दोष स्वतःकडे घेतला की निदान काहीतरी आपल्या हातात होतं असं वाटतं. पण ते तुझ्या हातात नव्हतं.

शरीराची काळजी मात्र खरंच घे. इथे मी जरा हट्टानंच लिहिते आहे. कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे साडेचार हजार विधुरांच्या नोंदी तपासल्या होत्या. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा 40 टक्क्यांनी जास्त निघालं, आणि त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा होता. 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी एक आजार वर्णन केला, त्यात मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग तात्पुरता दुबळा होतो आणि छातीत हार्ट अटॅकसारखंच दुखतं. तो जास्त करून माझ्या वयाच्या बायकांना होतो आणि बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. पण दुखतंय ते दुःखामुळे की खऱ्या अटॅकमुळे, हे घरबसल्या ठरवता येत नाही. मी माझी तपासणी करून घेतली आहे. तुझं रक्तदाब मोजणं राहून गेलं आहे. झोप येत नाही म्हणून रात्री एखादा पेग घेण्याची सवय लागू देऊ नकोस. त्यानं डोळा लवकर लागतो, पण झोप मधेच तुटते, आणि पहाटेचं दुःख फार वाईट असतं.

छोटीविषयी. ती विचारते, "आजोबा कधी येणार?" आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघता. "देवाघरी गेले" म्हटलं की ती "तिकडून कधी येणार?" असं विचारते, त्यात तिचं काय चुकलं? एवढ्या वयाच्या मुलांना मरण कायमचं असतं हे कळत नाही. मारिया नागी यांनी हंगेरीतल्या शेकडो मुलांशी बोलून 1948 मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्यात अगदी लहान मुलं मरणाला झोप किंवा दूर जाणं समजत होती. म्हणून "झोपले" असं तिला कधीही सांगू नकोस, नाहीतर तिला रात्री झोपायची भीती वाटेल. साधं सांग: आजोबांचं शरीर खूप आजारी झालं, ते बंद पडलं, आता ते परत येणार नाहीत, आणि आपल्याला त्यांची आठवण येते. ती ऐकेल आणि दोन मिनिटांत खेळायला पळेल. मुलं अशीच दुःख करतात, थोडं थोडं, मध्ये खेळत. मग पुन्हा तोच प्रश्न विचारेल. पुन्हा तेच उत्तर दे. आणि बोलताना तुझा आवाज भरून आला तर लपवू नकोस. आपल्या बापालाही वाईट वाटतं हे तिला दिसू दे.

मदत कधी घ्यायची, हेही सांगून ठेवते. ओढ वर्षानुवर्षं राहते, वाढदिवसाला आणि त्या तारखेला ती उसळते, त्यात काही वावगं नाही. पण दिवस जात राहिले तरी तीव्रता पहिल्या आठवड्याइतकीच असली, माणूस गेला यावर विश्वासच बसत नसला, कामात आणि माणसांत परतताच येत नसलं, तर त्याला आता वैद्यकशास्त्रात वेगळं स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीनुसार निदान सहा महिने आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2022 च्या निकषांनुसार प्रौढांसाठी एक वर्ष उलटल्यावर ते निदान करतात, आणि त्यावर खास उपचारही आहेत. हे उंबरठे निदानासाठी आहेत, मदत मागण्यासाठी नाहीत. आणि जगणं नको असं कधी क्षणभरही वाटलं, तर महिने मोजत बसू नकोस. त्याच क्षणी मला फोन कर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत, आणि आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ. माझ्याविषयी तुला तशी शंका आली, तर तूही संकोच न करता थेट विचार. विचारल्यानं तसं काही डोक्यात शिरत नाही.

घर विकून तुझ्याकडे राहायला यायचं का, हा निर्णय मी एवढ्यात घेणार नाही. तू आग्रह करू नकोस. तुझी माया कळते, पण सध्या मला याच भिंती हव्या आहेत. बाबांचं कपाट मी उघडलेलं नाही. तू आलास की आपण मिळून बघू. त्यांचा राखाडी स्वेटर तुला हवा असेल तर आधीच सांग, कारण तो मलाही ठेवावासा वाटतो आहे.

येताना छोटीला घेऊन ये. आणि त्याआधी रक्तदाब मोजून आकडा मला कळव.

तुझी,
आई